खळकाकांची कंबर

ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकबांधणीची एक लांबट खोली होती आणि त्या खोलीत चौतीस वर्षं एकच माणूस काम करत होता. सकाळी आल्या आल्या ते छोट्या शेगडीवर मैद्याची खळ शिजत ठेवत. तिचा वास जिन्यावरून थेट वाचनकक्षापर्यंत चढे. वरच्या काउंटरवरच्या मुलींनी कधीतरी त्यांना खळकाका म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. हजेरीपटावर दुसरं नाव होतं, पण ते पगारापुरतं.

सत्तावन्नाव्या वर्षी त्यांची कंबर धरली. कारण अगदीच फुटकळ होतं. खालच्या खणातून दोऱ्याचं रीळ काढायला ते वाकले आणि तसेच राहिले. ना खाली जाता येई, ना वर. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून ते वीस मिनिटं उभे होते. शेवटी काउंटरवरची मुलगी एक फाटका नकाशासंग्रह घेऊन खाली आली.

"काका, काय शोधताय?"

"काही नाही. तू तो संग्रह आधी नीट आडवा ठेव. उभा ठेवलास तर पाठ सुटेल त्याची. आणि मग मला धर."

डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला आणि मणके झिजलेत म्हणाले. ऑपरेशनची गरज नव्हती. आठ दिवस गोळ्या आणि मग व्यायाम. "योगासनं शिका. पण पुस्तकात बघून करू नका, माणसाकडून शिका."

हे खळकाकांना पटलं. योगासनांची चाळीसेक पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती. सगळी पहिल्या वीस पानांतच फाटलेली असत. पुढची पानं कोरी करकरीत.

त्यांची बायको औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून तिला अर्धं वैद्यक येत होतं, आणि उरलेलं अर्धं येतं असं ती धरून चालायची. तिने त्याच संध्याकाळी एक जांभळी चटई आणली. बोटभर जाड, गुबगुबीत.

"अहो, कंबर दुखतेय तर खाली मऊ नको का?"

चटई बगलेत मारून खळकाका पहिल्या वर्गाला गेले. तो एका व्यायामशाळेत तिसऱ्या मजल्यावर भरायचा. समोरची भिंत पूर्ण आरशाची होती. शिकवणारा तरुण होता, चपळ होता आणि मनाने चांगला होता. त्याची पद्धत वेगाची होती: एका श्वासाला एक आसन, मध्ये थांबायचं नाही, मागे संगीत. बाकीचे तिसऱ्या फेरीत होते तेव्हा खळकाका पहिलीच्या मध्यावर होते. जाड चटईत त्यांचे तळहात रुतत आणि मनगटं मुरगळल्यासारखी दुखत. त्यांनी मान वर केली. आरशात त्यांना पंचवीस लवचीक माणसं आणि एक घडवंची दिसली. तास संपल्यावर तो तरुण स्वतःहून जवळ आला आणि म्हणाला, "काका, हे तुमच्या कंबरेसाठी नाही. राग मानू नका." त्यांनी मानला नाही.

दुसरा वर्ग बायकोच्या एका गिऱ्हाइकाने सुचवला. तिथे खोली मुद्दाम तापवलेली असायची, म्हणजे स्नायू सैल पडतात. दार उघडताच खळकाकांचा चष्मा धुरकटला. भिंतींवरून पाण्याचे ओघळ येत होते. दहा मिनिटं ते एका पायावर उभं राहायचा प्रयत्न करत होते, पण डोक्यात एकच विचार: एवढ्या दमटपणात आठ दिवसांत बुरशी धरेल. अकराव्या मिनिटाला ते चप्पल घालून बाहेर पडले.

"दोन वर्ग झाले, दोन्ही सोडले," बायको म्हणाली. "तुमचं स्थळं बघण्यासारखं चाललंय."

"तेव्हा मी पहिल्याच ठिकाणी हो म्हटलं होतं."

"म्हणून तर आता चोखंदळ झालात."

तिसरा वर्ग पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होता. खिडक्यांतून क्लोरीनचा वास यायचा. शिकवणाऱ्या बाईंनी तीस वर्षं त्याच तलावावर पोहणं शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या वरच्या मजल्यावर आल्या, एवढाच फरक. आवाज अजून पाण्याच्या पलीकडे पोचेल असाच होता. वर्गात बहुतेक सगळे साठीच्या आगेमागे. एका भिंतीला घडीच्या खुर्च्या, घोंगड्यांचा ढीग, सुती पट्टे आणि आसनात हातापायांखाली घ्यायच्या लाकडाच्या विटा.

बाईंनी आधी जांभळी चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवायला लावली. "ही झोपायला छान आहे. उभं राहायला पातळ आणि न घसरणारी हवी. तोपर्यंत इथली घ्या. मोजे काढा. आणि पोटावर हा पट्टा एवढा आवळलाय, तो कशाला? पुढच्या वेळेपासून नाडीची सैल विजार. काही खाऊन आलात का?"

"दोन बिस्किटं."

"पुढच्या वेळेपासून तीही नको." मग त्यांनी विचारलं, दिवसाचे किती तास उभे असता, कुठल्या पायावर जोर देता, उचलायचं काय असतं. ते सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "आता वाका. जमेल तेवढंच."

खळकाका वाकले. हात गुडघ्यांपाशी थांबले.

"श्वास का धरलात?"

"धरला नाही."

"धरलात. मी मोजत होते. चौदा आकडे झाले. अजूनही धरलेलाच आहे."

खळकाकांनी श्वास सोडला. पण आरोप काही त्यांना मान्य झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ते एका जाड कोशाच्या पाठीवर नाव उठवत होते. आधी सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि त्यावर तापवलेला ठसा दाबायचा. वर्ख इतका पातळ असतो की नाकातून नेहमीसारखा श्वास सुटला तरी उडून जातो. त्यांनी चिमट्याने वर्ख उचलला आणि थांबले. श्वास धरलेला होता. खांदे कानांपर्यंत आले होते, कंबर लाकडासारखी ताठ. मग त्यांनी दिवसभर स्वतःवर पाळत ठेवली. दोरा ओवताना, पानं कापताना, खळ लावताना, अगदी जिना चढताना आणि बायको काही विचारत असतानाही श्वास धरलेलाच. वर्खाचं काम महिन्यातून चार दिवस असायचं. सवय मात्र तीसही दिवस चालू होती.

गुरुवारी त्यांनी बाईंना सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. मग तुम्हाला आसनं नंतर. आधी महिनाभर नुसतं सोडायला शिका." आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवून त्यांना घोंगडीवर उताणं पाडलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे उठून श्वास सोडायला जाऊ लागला. हीच आपली पद्धत, असं त्यांनी कधी ठरवलं नाही. ते परत परत तिथे गेले, एवढंच.

एक अडचण होती. त्यांच्या शेजारच्या चटईवर साहेब होते.

साहेब म्हणजे ग्रंथालयाचे माजी मुख्य ग्रंथपाल. उंच, सडपातळ, बोलणं तोलूनमापून. त्यांच्या कारकिर्दीत एकदा वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि जुन्या वर्तमानपत्रांचे तीनशे खंड भिजले. ते सगळे खळकाकांनी स्वतःच्या हातांनी बांधलेले होते, पहिल्या नऊ वर्षांचं काम. त्यांनी सुकवायला तीन दिवस मागितले. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक बोलावून सगळे खंड रद्दीत काढले. त्यानंतर साहेब निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं दोघांत फक्त चिठ्ठ्या चालल्या, आणि निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत त्याही नाहीत. निरोपसमारंभाच्या दिवशी खळकाकांनी रजा टाकली होती.

आता दोघं हातभर अंतरावर पाय पसरून बसत आणि दोघंही समोरच्या खिडकीकडे बघत.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी जोड्या लावल्या. एकाने हात जमिनीवर टेकून, कंबर वर काढून उलट्या व्हीसारखं उभं राहायचं. दुसऱ्याने त्याच्या मांड्यांच्या सांध्यातून पट्टा घालून मागून ओढायचा, म्हणजे पाठ मोकळी होते. बाईंना यांचं काही माहीत नव्हतं. चटया शेजारी होत्या, म्हणून जोडी.

खळकाका खाली वाकले. पट्टा मांड्यांवर बसला आणि मागून हळूहळू ताण आला.

"घट्ट होतोय का?" साहेबांनी विचारलं.

अकरा वर्षांनी ऐकलेले हे पहिले तीन शब्द. ओणवं असताना माणसाला फार रुबाब करता येत नाही. खळकाका म्हणाले, "अजून थोडा."

साहेबांनी अजून थोडा ओढला. कंबरेत काहीतरी जागेवर सरकल्यासारखं झालं आणि महिनोन्‌महिन्यांत पहिल्यांदा ठणका थांबला. खळकाकांना बरं वाटलं. कुणाच्या हातून वाटलं, याचा रागही आला.

वर्गात लाकडी विटा कमी पडायच्या. आठ विटा, चौदा माणसं. खळकाकांच्या खोलीत पुठ्ठ्याची कात्रणं पोत्यांनी पडलेली असत. त्यांनी ती सारख्या मापात कापली, थरावर थर चिकटवले, दाबयंत्रात चार दिवस ठेवले आणि वर बांधणीचं निळं कापड चढवलं. कडा इतक्या सरळ की जणू बारा जाड पुस्तकं. बाई एका विटेवर दोन्ही पायांनी उभ्या राहिल्या, जराशा उसळल्या आणि म्हणाल्या, "ही मला पुरून उरेल."

साहेबांनी एक वीट हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "पुठ्ठा भांडारातला दिसतोय."

"रद्दीतला आहे," खळकाका म्हणाले. "आणि रद्दीत काढायला कुणाला विचारावं लागत नाही. तुमच्याकडूनच शिकलो."

बाईंनी सगळ्यांना आडवं व्हायला सांगितलं.

तास संपल्यावर साहेब जिन्याच्या पायरीवर बुटाची नाडी बांधत बसले होते. खळकाका बाजूने उतरायला लागले, तसे ते म्हणाले, "बसा जरा."

खळकाका दोन पायऱ्या सोडून बसले.

"बुरशी धरली असती. दोन दिवसांत शेजारच्या कपाटांना लागली असती. तिथे दहा हजार पुस्तकं होती."

"मला तीनच दिवस हवे होते."

"दिले असते, तर किती वाचले असते?"

खळकाकांनी खरं उत्तर द्यायला वेळ घेतला. "निम्मे. कदाचित थोडे कमीच."

"मला निम्मे म्हणाला नव्हतात. सगळे वाचवतो म्हणालात. टेबलावर हात आपटून. मला वाटलं, या माणसाला भिजलेल्या कागदातलं काही कळत नाही, नाहीतर हा रागाच्या भरात बोलतोय." साहेबांनी दुसऱ्या बुटाची नाडी आवळली. "निम्मे म्हणाला असतात, तर मी निम्मे बाजूला काढले असते."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं."

बाकी काही झालं नाही. खळकाका घरी गेले आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही खरंच सगळे म्हणाला होतात?"

"म्हणालो असेन."

"म्हणाला असाल. माझ्याशीही असंच बोलता."

पुढच्या मंगळवारी दोघं पुन्हा शेजारी होते. पट्टा कुणी आधी धरायचा, हे न बोलता ठरू लागलं. मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. खंडांचा विषय परत निघाला नाही आणि खळकाकांच्या मनातून तो गेलाही नाही. पण साहेबांना त्यांच्या कंबरेची नेमकी जागा ठाऊक झाली होती आणि साहेबांचा डावा गुडघा कधी कुरकुरतो, हे खळकाकांना.

वर्ष संपता संपता साहेब सलग तीन तास आले नाहीत. बाईंकडून कळलं की डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय, वाकायला बंदी आहे. खळकाकांनी विचारलं, अशा माणसाने काय करावं. बाईंनी सांगितलं: डॉक्टरांना आधी विचारायचं, डोकं खाली नाही, जोर नाही, श्वास धरणं तर अजिबात नाही, खुर्चीत ताठ बसून हात वर, खाली, आणि नुसता सावकाश श्वास.

रविवारी सकाळी खळकाका साहेबांच्या घरी गेले. दार त्यांच्या मुलीने उघडलं. साहेब खिडकीकडे पाठ करून बसले होते, एका डोळ्यावर पट्टी. खोलीत चारही भिंतींना पुस्तकं. खळकाकांची नजर सवयीने त्यांच्या पाठींवरून फिरली. दोन-तीन सुटायला आलेल्या होत्या.

"कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी. तळघरातला. बाईंनी खुर्चीत बसून करायचं सांगितलंय."

साहेब म्हणाले, "जेवणाच्या टेबलाजवळ दुसरी खुर्ची आहे. हात नाहीत तीच आणा."

खळकाकांनी खुर्ची ओढून समोर मांडली. डॉक्टरांनी हात वर करायची परवानगी दिली आहे का, हे दोनदा विचारून घेतलं. मग दोघं समोरासमोर ताठ बसले.

"हात वर घेताना आत," खळकाका म्हणाले. "खाली आणताना बाहेर. घाई नको."

सात वेळा झालं. आठव्या वेळी मुलीने दारातून डोकावून चहा टाकू का म्हणून विचारलं. साहेबांचे हात वर होते, म्हणून खळकाकांनीच सांगितलं, अजून दहा मिनिटांनी.