तांबडं कुठून सुरू होतं

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सगळं आयुष्य उसाचा ट्रक चालवला. उजनीकाठच्या आमच्या गावातून कारखान्यापर्यंत आणि परत. त्या ट्रकचं एकही मीटर धड चालत नव्हतं. गिअर कधी बदलायचा, ते इंजिनाच्या आवाजावरून ठरवायचे. साठी उलटल्यावर त्यांचे कान गेले. आता मशीन लावतात, पण त्यातून गाडीचा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा येतो, अशी त्यांची तक्रार.

ते सोलापुरात माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मी नुकतीच एक जुनी डिझेल गाडी घेतली होती. तिच्यात वेगाच्या काट्याशेजारी दुसरा एक काटा होता. इंजिन मिनिटाला किती हजार फेरे घेतंय, ते तो दाखवायचा. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. अण्णांनी मात्र आवाजाच्या जागी तो काटा धरला. काटा दोनच्या पुढे सरकला की गिअर. त्याच्या टोकाला तांबडा पट्टा असतो, त्यात काटा गेला तर इंजिनाला धोका. आमच्या मीटरवर उन्हानं तो पट्टा पार विटला होता. कुठून सुरू होतो, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

मग मीटरचे दिवे गेले. विजापूर रोडला गाड्यांचे मीटर दुरुस्त करणारे एक मुसलमान गृहस्थ आहेत, आमच्या शेजाऱ्यांच्या ओळखीचे. त्यांनी भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचं मीटर काढून बसवलं. दिवे लख्ख, वेग बरोबर, पट्टा लालभडक. मी खूश झाले.

माझ्यासोबत दुकानात आलेले अण्णा चालकाच्या जागेवर बसले. गाडी न्यूट्रलमध्येच ठेवून इंजिनाची थरथर जाणवावी म्हणून त्यांनी डावा तळवा गिअरच्या दांडीवर टेकवला आणि ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला. काटा चारच्या वर गेला तसा त्यांनी पाय काढला. परत तेच केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

"ह्यो मीटर ह्या गाडीचा न्हाय," ते म्हणाले.

दुकानदारांनी शांतपणे समजावलं, की कंपनी तीच, मॉडेल तेच, काटाही बरोबर फिरतोय. मी ते परत सांगितलं, अण्णांनी माझ्या ओठांवरून वाचलं आणि नकारार्थी मान हलवली.

"काटा खरा हाय. तांबडं चुकलंय." त्यांनी पाचच्या जरा अलीकडे काचेवर नख टेकवलं. "हितनं पुढं इंजिनाला सोसत न्हाय. आन् तुमचा पट्टा सांगतोय, अजून लई जागा हाय."

पट्टा तर सहाच्याही पुढे सुरू होत होता. दुकानदार वळले. आत जाऊन त्यांनी एक खोकं आणलं आणि त्यातून मीटरच्या तीन तबकड्या काढून काउंटरवर मांडल्या. तिन्ही त्याच मॉडेलच्या, आकडेही तेच, एक ते आठ. एक लहान पेट्रोल इंजिनाची, एक मोठ्या पेट्रोलची, एक डिझेलची. तांबडं तिन्हीवर वेगवेगळ्या जागी. डिझेलच्या तबकडीवर ते सुरू होत होतं पाचच्या जरा अलीकडे. अण्णांचं नख होतं तिथंच.



"चाचा, चूक माझी," दुकानदार म्हणाले. "हे पेट्रोलचं निघालं. मी दिवे बघितले, रेष नाही बघितली."

मग त्यांनी मला कारण सांगितलं. डिझेल इंजिनात हवा फार जोरात दाबली जाते, म्हणून त्याचे आतले भाग जाडजूड, वजनदार. जड वस्तू पेट्रोलच्या हलक्या भागांइतकी भराभर खालीवर नाचू शकत नाही. शिवाय डिझेल जळायलाही वेळ घेतं. काट्याचं काम फेरे मोजण्याचं. कुठं थांबायचं ते ज्याचं त्याचं इंजिन ठरवतं. मुलांना गती शिकवताना मी कितीतरी उदाहरणं दिली असतील, पण हे समोर असून मला कधी दिसलं नव्हतं.

दुकानातला पोरगा तबकडी बदलेपर्यंत त्यांनी अण्णांना दुकानापुढे उभी असलेली एक भारी गाडी दाखवली. तिच्यात तबकडीच नव्हती, नुसता पडदा. तिथे तांबडं छापलेलं नसतं, इंजिनाचा कॉम्प्युटर ते काढतो. गाडी सकाळपासून बंद होती. चालू केली तेव्हा पट्टा बराच खालून सुरू होत होता. इंजिन तापत गेलं तसा तो एकेक घर मागे हटत वरच्या आकड्यांकडे सरकू लागला.

अण्णा खिडकीत वाकून बघत राहिले. चहा आला, निवला, तरी ते हलले नाहीत. शेवटचं घर मागे गेलं तेव्हा त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, बराच वेळ.

"गार इंजिनाला दमानं घ्यावं लागतं," ते मला म्हणाले. "हे मला कुणी शिकिवलं न्हवतं. हिला कुणी शिकिवलं?"

माणसांनीच, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि हात काढला नाही.