माझी व्हिटॅमिनची पुडी रोझीच्या दुधात

आज सकाळपासून आमची अकरा वर्षांची कुत्री रोझी कॉलेज रोडच्या डॉक्टरांकडे सलाईनवर आहे.

ती लंगडते म्हणून आमच्या ह्यांनी परवा माझी व्हिटॅमिन डीची आख्खी पुडी तिच्या दुधात ढवळली. वर मलाच म्हणतात, "अगं, तुझे गुडघे सुधारले ना?" सल्ला याच ग्रुपवरच्या कुमुदताईंचा.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमचं वजन किती, हिचं किती? एवढ्या डोसने किडनी जाऊ शकते. हिला काय कमी आहे, ते आधी तपासायचं असतं."

रक्त तपासायला घेतलंय. रिपोर्ट उद्या.

कुमुदताई, तुमच्या शेरूलाही तुम्ही दर रविवारी पुडी देता ना? त्याला आजच दाखवून आणा. आपण भांडू नंतर.