हिरव्या इंजिनाचे धर्मामामा

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता, कर्जतला माझ्या घरी इंजिन समितीची बैठक झाली. समोर रंगकामाचे अंदाजपत्रक होते, एक्केचाळीस हजार दोनशे रुपयांचे. हजर तिघे: कळंबला रिसॉर्ट चालवणारे अध्यक्ष खेडेकर, खजिनदार म्हणून मी, आणि धर्मा गायकवाड, म्हणजे सगळ्यांचे धर्मामामा.

मामा आल्या आल्या खुर्चीवर बसले नाहीत. बोटाच्या पेराने त्यांनी दाराची चौकट वाजवली, मग पाण्याचे पिंप, मग माझे लोखंडी कपाट. कपाटापाशी वाकून कान दिला आणि म्हणाले, "भाऊ, खालचा पत्रा गेलाय. कागद दुसरीकडं ठेवा." संध्याकाळी मी कपाट सरकवून पाहिले. तळाला हात लावताच गंजाचा चुरा हातात आला. ही त्यांची सवयच होती. बाजारात कलिंगड वाजवतात तसे ते बाक, नळ, खांब, सगळेच वाजवत. एकदा खेडेकरांच्या नव्या गाडीचे दारही वाजवले आणि "इथं पुट्टी भरलीय, कुणाची ठोकलेली घेतलीत?" असे चार माणसांत विचारले.

मामा तरुणपणी देशावरच्या एका लोकोशेडमध्ये बॉयलरच्या कामावर होते. वाफेची इंजिने बंद झाली तशी त्यांची बदली झाली, मग निवृत्ती. पुढे खोपोलीजवळच्या एका बंद कागद गिरणीच्या दारात, सिमेंटच्या चौथऱ्यावर उभे असलेले जुने इंजिन पुन्हा मेन लाइनवर आणायचे असे आम्ही काही हौशी लोकांनी ठरवले, तेव्हा त्यातले कळणारा माणूस तालुक्यात एकच निघाला. चौदा महिने ते रोज सकाळी डबा घेऊन तिथे जात. मानधन सगळ्या कामाचे मिळून आठ हजार ठरले होते. मी दोनदा पाकीट पुढे केले, दोन्ही वेळा त्यांनी परत सारले. "चाललं की घेईन. उभ्या इंजिनाचं कसलं मानधन?"

त्या बैठकीत वाद रंगावरून झाला. खेडेकरांना गर्द हिरवा रंग आणि त्यावर पिवळ्या रेघा हव्या होत्या. फोटो चांगले येतात, आणि रंगाचा निम्मा खर्च देणाऱ्या एका देणगीदाराची तशी इच्छाही होती.

"काळा द्या," मामा म्हणाले.

"मामा, काळा म्हणजे अगदीच कोळशाची वखार वाटेल."

"वाटू द्या. बॉयलर कुठं गळाला तर काळ्यावर पांढरा डाग लगेच दिसतो. हिरव्यावर सगळं गोड दिसतं."

मी आकडे मांडले. निम्मा खर्च वाचत होता, वीस हजार सहाशे रुपये. मी हिरव्याला मत दिले. मामा माझ्याकडे बघून हसले आणि खेडेकरांना म्हणाले, "खजिनदार हायत ना भाऊ, त्यांचं बरोबर हाय."

मार्चमध्ये मामांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि दहा दिवस त्यांना धुळीपासून लांब राहावे लागले. इंजिन एव्हाना कर्जतला रुळावर आणले होते, आणि त्याच दहा दिवसांत रंगारी आले. जळणपेटीच्या बाजूच्या पत्र्यात तीनशे बारा जाड खिळे असतात, त्यांना स्टे म्हणतात. आतली पेटी आणि बाहेरचा पत्रा तेच एकमेकांना धरून ठेवतात. प्रत्येक स्टेच्या टोकाला काडीएवढे भोक असते. स्टे आत तुटला की त्या भोकातून पाणी झिरपते आणि बाहेरच्या माणसाला कळते. रंगाऱ्यांना हे कोण सांगणार? काम नीट व्हावे म्हणून त्यांनी तीनशे बाराही भोके पुट्टीने बुजवली, वर पॉलिश पेपर मारला आणि रंगाचे तीन हात दिले. इतके गुळगुळीत काम मी कधी पाहिले नव्हते. बिल मीच पास केले.

मामा परत आले ते डोळ्यांवर काळा चष्मा लावून. इंजिनाभोवती एक फेरी मारली, पत्र्यावरून तळवा फिरवला आणि जागीच थांबले.

"भोकं कुठं गेली?"

त्यांनी खिशातून दाभण काढला आणि एकेक भोक मोकळे करायला बसले. त्या कामाला पाच दिवस लागले. हिरव्या रंगावर देवी आल्यासारखे डाग पडले. मग बॉयलरमध्ये पाणी भरून दाब दिला. डाव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात अकरा भोकांतून पाणी आले, अकराच्या अकरा एकमेकांना लागून.

लोकांना बसवून करायची इंजिनाची पहिली धाव आठ दिवसांवर आली होती. कर्जत ते पळसदरी, तीन किलोमीटर, दोन डबे, प्रत्येकी पाचशे रुपयांची चौसष्ट तिकिटे. परवानगी एकाच रविवारची होती, आणि वाफ करायची तर तपासणीच्या कागदावर मामांची सही लागणार होती.

"एखाददुसरा असता तर बघितलं असतं," मामा म्हणाले. "शेजारी शेजारी अकरा गेलेत. वाफ धरली तर पत्रा फुगेल. सही नाय."

खेडेकर चिडले नाहीत. चिडले असते तर बरे झाले असते. त्यांनी मामांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे सगळे पुढ्यात मांडले. रविवार गेला तर परवानगी पुन्हा मिळणार नाही. गिरणीच्या नव्या मालकाने चौथरा आधीच फोडला आहे, इंजिन परत गेले तर भंगारात जाईल. नाहीतरी नियमाप्रमाणे गाडीच्या मागे डिझेल इंजिन जोडायचेच आहे. ते ढकलेल. धुराड्याखाली तेलाच्या चिंध्या पेटवून धूर काढू. मामांनी फक्त आत उभे राहायचे. दिवस चांगला गेला की देणग्या येतील आणि पावसाळ्यात अकराच्या अकरा स्टे बदलू.

मामांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. मग मला म्हणाले, "भाऊ, तुमी सांगा. दुसरी वाट हाय का?"

मी खर्च, देणग्या, तारखा सगळे पुन्हा तपासले. दुसरी वाट मला दिसली नाही, आणि मी तसे सांगितले. आजही वाटते, एक वाट होती. तिकिटांचे बत्तीस हजार परत करायचे आणि घरी बसायचे. ती मला सुचली नाही असे नाही, मी ती बोललो नाही.

रविवारी मामा निळ्या कपड्यांत, गळ्यात लाल रुमाल बांधून इंजिनात चढले. मी त्यांच्याबरोबर होतो. आत सगळे होते, दांडे, काचेच्या नळ्या, चकाकणारे पितळ. फक्त ऊब नव्हती. धूर छान निघत होता. लोक मोबाइल उंच धरून रुळांच्या कडेने उभे होते. गाडी हलली तेव्हा मागून धक्का बसला आणि मामांनी सवयीने वाफ सोडायच्या दांड्याला हात घातला. मग लक्षात येऊन काढून घेतला. तीन किलोमीटरभर तो हात त्यांनी पाठीमागे धरून ठेवला होता.

"मला आत कोंडलं रं तुमी," एवढेच ते बोलले. तेही माझ्याकडे न बघता.

पळसदरीला फलाटावर गर्दी होती. "शिट्टी वाजवा, शिट्टी!" असा गलका झाला. मामांनी वर बघितले. शिट्टीची साखळी डोक्यावर लोंबत होती आणि ओढून काही वाजणार नव्हते. खेडेकर खालून हसत हातवारे करत होते, नुसता हात हलवा म्हणून.

तेवढ्यात ठाकुरवाडीहून आलेली एक म्हातारी पुढे झाली. तिचा नवरा घाटात इंजिनावर होता, असे ती सगळ्यांना सांगत होती. हातात नारळ होता. नारळ फोडायच्या आधी तिने हिरव्या पत्र्यावर तळवा टेकवला, नमस्कार करतात तसा. क्षणभर तो तसाच राहिला. मग तिने वर पाहिले.

"दादा, ह्ये गार हाय की."

मामा खाली उतरले. मी त्यांचा दंड धरला होता, तो त्यांनी हलकेच सोडवून घेतला.

"गार हाय, बाई," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण जवळच्यांना ऐकू गेला. "याच्यात वाफ नाय. मागचं डिझेल ढकलतंय. धूर चिंध्यांचा हाय. अकरा स्टे तुटलेत, म्हणून पेटवलं नाय. नारळ फोडू नका."

कोणीतरी हसले. कोणीतरी "पैसे परत करा" म्हणाले, मग बरेच जण म्हणाले. खेडेकर आपल्या मोटारीत बसून निघून गेले. मी फलाटावरच्या बाकावर यादी उघडली आणि दुपारी दोनपर्यंत पैसे परत केले. एकसष्ट जणांनी घेतले, तीस हजार पाचशे. तिघांनी घेतले नाहीत. म्हातारी मामांशेजारी बसून होती आणि दोघे घाटातल्या इंजिनांबद्दल बोलत होते. मला वाटले होते मामा खचले असतील. पण चौदा महिन्यांत त्यांना इतके मोकळे बोलताना मी पाहिले नव्हते.

इंजिन भंगारात गेले नाही. ते कर्जतच्या एका कडेच्या रुळावर उभे आहे. न चौथऱ्यावर, न मेन लाइनवर. समिती मोडली. मामांनी त्या पावसाळ्यात खोपोलीच्या एका टर्नरकडून चार स्टे करून घेतले आणि स्वतः बसवले. पाचवा हातात असताना दमा वाढला. दिवाळीच्या आधी ते गेले. मी शेवटचा भेटलो तेव्हा इंजिनाचे नाव त्यांनी काढले नाही. फक्त म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी तुमी बाकावर बसून पैसे मोजत व्हता ना, लई बरं वाटलं बगा."

समितीच्या खात्यात अखेर नऊ हजार सातशे वीस रुपये उरले. त्यातले आठ हजारांचे पाकीट घेऊन मी त्यांच्या मुलीकडे, सुजाताकडे मोहोपाड्याला गेलो. ती तिथल्या शाळेत शिकवते. "जय भीम, काका, बसा," म्हणून तिने पाणी दिले. मी मानधनाचे सांगितले. इंजिन तर चालले नाही, हेही सांगितले, कारण मामांची अट तीच होती.

तिने पैसे मोजले, दोनदा. मी पावतीपुस्तक पुढे केले. कशाबद्दल, या रकान्यात काय लिहावे हे मला सुचत नव्हते, म्हणून तो कोराच ठेवला होता. तिने पेन घेतले आणि स्वच्छ अक्षरांत लिहिले:

"रुपये आठ हजार फक्त मिळाले. इंजिन नापास केल्याबद्दल."