करिदिनाला उतरवलेली ट्यूब

रविवार, १५ जानेवारी १९६७. परंडा. संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे करिदिन. घरात हजर: मी, कचेरीला सुट्टी म्हणून आमचे हे, आणि सकाळीच तिळगूळ घेऊन आलेल्या यांच्या थोरल्या बहीण, आमच्या वन्सं. दोन्ही मुलं किल्ल्याकडे खेळायला गेलेली.

त्या दिवशी मी पुढच्या खोलीतली ट्यूब उतरवली. त्याआधीचं थोडं सांगायला हवं.

मी लोकांचे कपडे शिवते. दिवसा घरचं काम असतं, त्यामुळे मशीनवर बसायचं ते संध्याकाळी, जेवणं उरकल्यावर. बल्बच्या पिवळ्या उजेडात काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसत नसे. म्हणून दिवाळीच्या आधी शिवणाच्या पैशातून मी ट्यूब घेतली आणि बरोबर मशीनच्या डोक्यावर बसवून घेतली. पहिल्या संध्याकाळी शेजारच्या बायका नुसत्या बघायला आल्या होत्या.

महिनाभरात उजेड उतरला. ट्यूब लागायची, पण खोलीत धुकं भरल्यासारखं वाटायचं. टीप वाकडी जाऊ लागली. एक ब्लाऊज मी दोनदा उसवला. यांना सांगितलं, तर म्हणाले, "व्होल्टेज कमी आहे. सगळ्या गावाचंच तसं आहे."

पुन्हा सांगितलं, तेव्हा माझ्या शेजारी येऊन बसले. मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, रागावू नकोस. वय होतंय आपलं. तुझ्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं असंल."

इतक्या मायेनं बोलले की मला ते पटलं.

आमच्या गल्लीतल्या खाला माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीच्या निकाहचे कपडे माझ्याकडे आले होते. लाल सॅटीन, जरीची किनार, सगळं नाजूक काम. हे म्हणाले, "लोकाच्या लग्नाचं कापड आहे. बिघडलं तर तोंड दाखवायला जागा राहणार न्हाय. परत देऊन टाक." मी कापड घडी करून खालांना परत दिलं आणि डोळ्यांचं कारण सांगितलं. खालांनी माझा हात हातात घेतला. पुढच्या आठवड्यात आणखी तिघींनी आपापली कापडं परत नेली. मी कुणाला बोलावलं नव्हतं. गावात कळलं होतं, एवढंच.

मग आम्ही एसटीनं बार्शीला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. हे माझ्याबरोबर बाकावर बसून राहिले, माझी पिशवी मांडीवर धरून. डॉक्टरांनी बारीक अक्षरं वाचायला दिली, ती मी वाचली. ते म्हणाले, "बाई, डोळे उत्तम आहेत. चष्मा कशाला मागता?" परतीच्या गाडीत मी म्हटलं, "म्हणजे उजेडाचंच काहीतरी आहे." हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डॉक्टर काय, घाईत बघतात."

त्यानंतर मी शोध घ्यायला लागले. उजेड कमी होण्याची कारणं कागदावर ओळीनं लिहिली आणि एकेक खोडत गेले. व्होल्टेज म्हणावं तर स्वयंपाकघरातला बल्ब त्याच वेळी लख्ख जळत होता. ते कारण गेलं. स्टार्टरचं म्हणावं, तर ट्यूब लागल्यावर तो काढून ठेवला तरी ती तशीच मंद जळत राहिली. तेही गेलं. चोक गरम होत नव्हता की गुणगुणत नव्हता. उरली धूळ. ट्यूबची दोन्ही टोकं खालून काळी दिसायची. चुलीचा धूर पुढच्या खोलीपर्यंत येतो, त्याची काजळी असेल असं मी धरून चालले होते. पुसायची राहिली होती एवढंच.

तर त्या रविवारी मी मेन स्विच बंद केला, स्टूल घेतलं आणि पदर खोचला. वन्सं खाटेवर बसून चहा पीत होत्या.

"अगं, कशाला चढतीस?" हे एकदम म्हणाले. "आज करिदिन हाय. करिदिनाला नवं काही काढू नये."

"नवं कुठं काढतेय? जुनंच पुसतेय."

"मी पुसतो की संध्याकाळी."

"दोन महिने तुमची संध्याकाळ काही उगवली नाही," मी म्हटलं. वन्सं हसल्या नाहीत. एरवी अशा बोलण्यावर त्या सगळ्यांच्या आधी हसतात.

मी ट्यूब फिरवून सोडवली आणि खाली घेऊन आले. फडक्यानं टोक पुसलं. काळं जाईना. फडकं ओलं केलं, राख लावून घासलं, तरी तसंच. मग नखानं खरवडलं तेव्हा कळलं की तो काळेपणा काचेच्या आतून आहे. वर्षानुवर्षं जळलेली ट्यूब अशी होते. माझी तर दिवाळीची होती. मी दुसरं टोक पुसायला घेतलं. पितळी टोपीवर हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका होता.

हा ठिपका आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे. वन्संच्या घरची पातेली, परात, सतरंज्या लग्नकार्याला सारख्या बाहेर जातात, म्हणून त्या प्रत्येक वस्तूला हिरवा ठिपका लावून ठेवतात. घरात नवी वस्तू आली की आधी ठिपका, मग वापर. स्टुलालाही लावतात, पाट्याला आणि वरवंट्यालासुद्धा.

मी ट्यूब वन्संच्या पुढ्यात खाटेवर ठेवली.

वन्संनी यांच्याकडे बघितलं. यांनी वर्तमानपत्र उचललं.

"त्याला बोलू नको," वन्सं म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं. पोरीला बघायला लातूरची माणसं यायची होती, तीही संध्याकाळची. आमची ट्यूब ही अशी मेली. पोरगी सावळी, त्या उजेडात कोळशासारखी दिसली असती. म्हटलं, चार दिवस दे तुमची, अन् ही लाव तिथं."

"चार दिवस?"

"मग जमलं की! पाहुण्यांचं येणं-जाणं सुरू झालं. फाल्गुनात लग्न. आता मधीच काढली तर इचारतील न्हाय का, उजेड कुठं गेला म्हणून? तुझ्याच उजेडात पोरीचं भलं झालं बघ."

"वन्सं, मागितली असती तर मी माझ्या हातानं काढून दिली असती."

"तू दिली असतीस, पण मशीनचं कौतुक ऐकवलं असतंस वर्षभर," त्या म्हणाल्या, आणि आता मात्र थोड्या हसल्या.

त्यांचा मला राग आला नाही. आईसाठी ते साहजिक होतं. मी यांच्याकडे वळले.

"अहो, बार्शीला कशाला नेलंत मला?"

यांनी वर्तमानपत्राची घडी केली. मग म्हणाले, "म्हटलं, एकदा तपासून घेतलेलं बरं."

"खालांचं कापड परत द्यायला लावलंत."

"आक्कानं शपथ घातली होती. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून." हे एवढंच बोलले आणि मुलांना हाक मारायला बाहेर गेले. मुलं तर किल्ल्याकडे होती.

आक्कानं, म्हणजे वन्संनी, यांना लहानाचं मोठं केलं, तिचा शब्द यांना मोडवत नाही, हे मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे. पण शपथ ट्यूबची होती. माझे डोळे गेले असं सांगायची शपथ कुणी घातली नव्हती. ते यांनी स्वतः सुचवलं होतं, शेजारी बसून, मऊ आवाजात. नंतर कळलं की कचेरीतही तेच सांगितलं होतं. माझी गिऱ्हाइकं परत गेली ती तिथून.

दुसऱ्या दिवशी माझी ट्यूब परत आली. यांनी स्वतः बसवली, स्विच दाबला आणि माझ्याकडे बघितलं. खोली पूर्वीसारखी पांढरी झाली. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

खालांचं लाल सॅटीन तोपर्यंत बाजारातल्या शिंप्याकडे शिवून झालं होतं. फाल्गुनात वन्संच्या मुलीचंही लग्न झालं. जावई चांगला आहे, सासू मात्र बोलायला कडक. मुलगी आमच्याकडे येते, मला मामी मामी करत मशीनपाशी बसते. तिला यातलं काही माहीत नाही, आणि मी सांगणार नाही. दुसऱ्याचा उजेड लावून मुलगी दाखवली हे लातूरला कळलं, तर तिला रोज ऐकून घ्यावं लागेल.

तिथंच सगळं अडतं. डोळे चांगले आहेत एवढंच सांगून भागत नाही. लोक विचारतात, मग मध्यंतरी काय झालं होतं? कालच बाजारात खाला भेटल्या. बुरख्याचा पडदा वर करून त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "बाई, आँखां कैसे हैं अब?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातली जड पिशवी काढून घेतली आणि रस्त्यातल्या खड्ड्यापाशी माझा दंड धरला. धाकट्या मुलीचे निकाहचे कपडे आहेत, पण तुम्हाला त्रास नको, असंही त्या ओघात बोलून गेल्या.

त्यांच्या घरी जायचं, त्यांच्यासमोर सुईत दोरा ओवायचा आणि कापड मागून आणायचं, असं मी ठरवलं आहे. काय झालं होतं म्हणून त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, तेवढं अजून जुळलेलं नाही. त्यामुळे जायचं राहिलं आहे.