टाकीच्या तळाशी ठेवलेला मुखवटा

गावच्या देवाच्या मुखवट्याला भोक मी पाडलं. हे आजवर कुणाला, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी मशीन दुरुस्त करतो. तिथे सुटे भाग धुवायची अल्ट्रासॉनिक टाकी आली तेव्हा मी तिच्यापुढून हलेना. टाकीच्या पोटाखाली ट्रान्सड्यूसर चिकटवलेले असतात. धातूचे दोन ठोकळे, मध्ये सिरॅमिकच्या चकत्या, आरपार घट्ट आवळलेला बोल्ट, बस्स. चकत्यांना उलटसुलट वीज मिळाली की त्या फुगतात, आकसतात. केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी, पण सेकंदाला हजारो वेळा! त्यांच्याबरोबर तळ थरथरतो, पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे होतात, फुटतात, आणि फुटता फुटता मळ उचकटतात. कुठला ब्रश पोचणार तिथे? टाकी नीट चालते का बघायला ॲल्युमिनियमचा पातळ कागद पाण्यात धरायचा. बघता बघता त्याची चाळण! ती चाळण मी घरी नेऊन मिरवली होती.

नियम एकच. वस्तू जाळीच्या टोपलीत टांगायची, तळाला टेकवायची नाही. टाकीवर तो मीच लिहिला होता.

शिमग्याआधी पोलादपूरकडे आमच्या गावी गेलो, तर गुरवकाका चिंचेने देवाचा चांदीचा मुखवटा घासत बसलेले. घासून घासून चांदी पातळ झालेली, नक्षीत मात्र काळा मळ तसाच.

"काका, माझ्याकडे द्या. कारखान्यातल्या टाकीत पाच मिनिटांत नवा करून आणतो."

"टाकीत बुडवतोस काय रे? गनपती वाटला काय तुला?" ते हसले, आणि दिला.

मुखवटा टोपलीत मावेना. मी सरळ तळावर ठेवला. बटण दाबलं आणि नक्षीतून काळा धूर सुटावा तसा मळ सुटला! मी अक्षरशः नाचलो. अजून थोडं, अजून थोडं करत थांबलोच नाही. बाहेर काढला तेव्हा थरथरत्या तळावर घासून हनुवटीखाली तांदळाएवढं भोक पडलेलं. मी ते मेणाने बुजवलं.

आमच्याकडे मुखवटा कितीही चकचकीत असो, पालखीत बसण्याआधी शेवटचा हात गुरवाचा. गावापुढे काकांनी चिंच फिरवली आणि मेण निघून भोक उघडं पडलं.

"म्हाताऱ्याचा हात जड झालाय आता," मागून कुणी बोललं.

काका माझ्याकडे वळले. "तू येवढा झ्याक करून दिलास, नि मी वाट लावली रे."

"जाऊ द्या काका, होतं असं," मी म्हणालो. वर माझाच दिलासा.

सोनाराने डाग देऊन भोक बुजवलं. काकांनी पुन्हा मुखवट्याला हात लावला नाही. शेवटचा हात आता त्यांच्या पुतण्याचा. पालखी नाचते तेव्हा ते लांब पारावर बसतात. इकडे टाकी सुरू केली की मला अजून तोच हर्ष होतो, हेही खरंच सांगतो.

गावकी बसेल तेव्हा सगळ्यांपुढे उभं राहून ते भोक माझं होतं हे सांगणं, आणि काकांचा मान काकांना परत देणं, एवढं माझ्याकडून अजून व्हायचं आहे.