पेडगावच्या म्हशी आणि त्रिवेणीची तीन यंत्रं

चुडाव्याला स्टेशनच्या रस्त्यावर लिंगराज एकलारे यांचं किराणा दुकान आहे. थोरली मुलगी त्रिवेणी परभणीला काय काम करते, असं कुणी विचारलं की ते दर वेळी वेगळं उत्तर देतात. कधी म्हणतात हळद तपासते, कधी म्हणतात मशीनवर असते. एकदा वैतागून त्यांनी तिलाच विचारलं, "बाई, तू नेमकं करतीस तरी काय?"

"अप्पा, तुमचंच काम करते," त्रिवेणी म्हणाली. "वजन करते. फक्त माझा माल डोळ्यांना दिसत न्हाई."

ते खरंच होतं. परभणीच्या एका खासगी प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं मास स्पेक्ट्रोमीटर चालवते. रेणूंचं, अणूंचं वजन करणारं हे यंत्र. पण त्याची एक अट असते. वजन करायच्या वस्तूवर आधी विजेचा भार चढवावा लागतो, तिचा आयन करावा लागतो. भार नसेल तर ती वस्तू यंत्राच्या लेखी नाहीच. आणि भार चढवायची रीत प्रत्येक मालाला वेगळी. त्रिवेणीचा सगळा जीव या एका गोष्टीत अडकलेला. नांदेडला एमएस्सी करताना तिने हे पुस्तकात वाचलं होतं तेव्हा जांभया आल्या होत्या. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितलं आणि ती पुन्हा पुन्हा यंत्राच्या काचेच्या खिडकीशी जाऊन उभी राहू लागली.

प्रयोगशाळेत अशी तीन यंत्रं होती आणि त्रिवेणीने त्यांना घरगुती नावं ठेवली होती. पहिलं 'सुई'. यात नमुन्याचं द्रावण बारीक सुईतून सोडतात, सुईला हजारो व्होल्ट लावलेले असतात. टोकाशी बारीक फवारा उडतो, एकेक थेंब सुकत सुकत जातो आणि शेवटी आतला रेणू भार घेऊन अख्खा बाहेर पडतो. पाण्यात सहज विरघळणाऱ्या, तापवलं की बिघडणाऱ्या नाजूक मालासाठी हे बेस्ट. दुसरं 'तार'. ज्याची सहज वाफ होते त्याची वाफ करायची आणि तापलेल्या तारेतून सुटणारे इलेक्ट्रॉन तिच्यावर सोडायचे. रेणू फुटतो, पण तो कसा फुटला त्या तुकड्यांवरूनच त्याची ओळख पटते. आणि तिसरी 'भट्टी'. ही वर्षभरापूर्वीच आलेली. आरगॉन वायूची ज्योत, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही गरम. तिच्यात रेणू टिकतच नाही. उरतात ते सुटे अणू, भार घेतलेले. भट्टीसमोर उभं राहिलं की त्रिवेणीला अजून अंगावर काटा येई.

मागच्या जानेवारीत एके सकाळी एक पन्नाशीची बाई थेट आत आली. एका हातात थर्माकोलचा डबा, दुसऱ्या हातात कडब्याच्या कुट्टीची पिशवी. पेडगावच्या धुरपताबाई. त्यांच्या दोन म्हशी आठवड्यात गेल्या होत्या आणि तिसरी चारा सोडून बसली होती. डबा जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या डॉ. संघप्रिया यांनी दिलेला. त्यात मेलेल्या म्हशीचं मूत्रपिंड आणि पोटातला चारा बर्फात ठेवलेला.

"ह्याच्यात फवारायचं औषध हाय," धुरपताबाई म्हणाल्या. "तुमी फकस्त तेवढं लिहून द्या."

"मावशी, तपासल्याबिगर कसं लिहू?"

"तपासायचं काय त्यात? माझा चुलतदीर बन्सीधर. त्याचा अन् माझा बांध एकच. त्यानं हरभऱ्यावर फवारलं अन् तिसऱ्या दिवशी माझी म्हैस गेली. सगळं गाव म्हनायलंय. त्याच्याशी बोलायचं बंद केलंय आमी."

त्रिवेणीने नमुने घेतले. दुपारपर्यंत द्रावण तयार करून सुईवर लावलं. अडीचशे कीटकनाशकांची यादी यंत्रात होती. एकही सापडलं नाही. ती जरा चकित झाली. मग वाफ होणाऱ्या औषधांसाठी तारेवर लावलं. तिथेही सपाट रेघ. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही चाचण्या पुन्हा केल्या, मुद्दाम थोडं औषध मिसळलेला नमुनाही सोबत चालवला. तो लगेच दिसला. म्हणजे यंत्रं ठीक होती. म्हशीच्या पोटातच औषध नव्हतं.

"मग झालं की," प्रयोगशाळेचे प्रमुख नागेश सर म्हणाले. "कीटकनाशक मागितलं होतं, आढळलं नाही. रिपोर्ट देऊन टाका."

"सर, पण म्हशी मेल्यात ना."

"मेल्या असतील आणखी कशाने. ते आपल्याला विचारलेलं नाही."

त्रिवेणी जागेवर येऊन बसली, रिपोर्ट टाइप करायला घेतला आणि तिसऱ्याच ओळीला थांबली. सुईला दिसतात ते रेणू, तारेला दिसतात तेही रेणूच. पण जे सुईतून उडत नाही आणि ज्याची वाफही होत नाही, ते? ते समोर पडलेलं असलं तरी दोन्ही यंत्रं कोरी रेघच दाखवणार. तिने धुरपताबाईंना फोन लावला.

"मावशी, मरायच्या आधी म्हैस कशी वागत व्हती? सगळं सांगा."

"कशी म्हंजे? येड्यावानी. भिंतीला डोकं लावून तशीच हुभी. दात खायची करकरा. अन् समोर बादली धरली तरी तिला दिसंना. आंधळी झाल्यावानी."

त्रिवेणीने हे शब्द जसेच्या तसे डॉ. संघप्रियांना कळवले.

"आंधळी झाली होती?" डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच. "मला कुणीच सांगितलं नाही हो! मी पोहोचले तेव्हा दोन्ही मेलेल्या, आणि तिसरीने नुसता चारा सोडलाय म्हणाले. त्रिवेणी, शिसं बघा. आजच बघता येईल का?"

शिसं! त्रिवेणी खुर्चीतून उठलीच. भट्टीवर त्या दिवशी हळदीचे नमुने लागायचे होते. तिने नागेश सरांना गाठलं. "सर, मला दोन तास द्या. हळदीला मी संध्याकाळपर्यंत पुरं करते."

सरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "दोन तासच," म्हणाले.

मूत्रपिंडाचा तुकडा आम्लात विरघळवला, पाणी घालून पातळ केला. भट्टी पेटली. आधी नुसतं पाणी आणि आम्ल चालवलं. स्वच्छ, काहीच नाही. मग नमुन्याची नळी टाकली. त्रिवेणी पडद्याला चिकटून बसली होती. शिशाचे अणू तीन प्रमुख वजनांचे असतात, दोनशे सहा, दोनशे सात, दोनशे आठ. आणि त्यात दोनशे आठवाले सगळ्यांत जास्त. पडद्यावर आकडे हलले, आणि एकामागोमाग एक तीन सुळके उभे राहिले. दोन जवळजवळ सारखे आणि तिसरा त्यांच्या दुपटीहून उंच.

"सर! सर, इकडे या!"

किलोमागे अडतीस मिलिग्रॅम. दहाच्या वर गेलं की विषबाधा धरतात. पोटातला चारा लावला तर आकडा यंत्राच्या मोजपट्टीच्याही वर गेला. शंभरपट पातळ करून पुन्हा लावावा लागला. नागेश सर चष्मा पुसत उभे होते. "हळद उद्या लावा," ते म्हणाले. "आधी डॉक्टरांना फोन करा."

पण शिसं आलं कुठून? धुरपताबाईंनी दिलेल्या कुट्टीत ते नव्हतं. त्या पिशवीतला चारा घरातून भरून आणलेला होता, गोठ्यातला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्रिवेणी रजा टाकून डॉ. संघप्रियांच्या गाडीवर मागे बसून पेडगावला गेली. गोठ्यात तिसरी म्हैस मान खाली घालून उभी होती, आता तिलाही समोरचं दिसत नव्हतं. डॉक्टर तिच्याकडे वळल्या आणि त्रिवेणी गोठ्याभोवती फिरू लागली. पाण्याचं टाकं बघितलं, गव्हाणीचा रंग बघितला. मग गव्हाणीच्या टोकाला, कुट्टीच्या ढिगाखालून एक काळा कोपरा दिसला. तिने हातमोजे घातले आणि कुट्टी बाजूला सारली.

रानडुकरांसाठी कुंपणाला जे झटका मशीन लावतात, त्याची जुनी बॅटरी होती ती. अंग तडकलेलं. आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या पडलेल्या, त्यांची राखाडी भुकटी आजूबाजूच्या कुट्टीत मिसळलेली. आणि पट्ट्यांच्या कडा चाटून चाटून गुळगुळीत झालेल्या.

"ही कुणी ठेवली हितं?"

धुरपताबाई पुढे येऊन बॅटरीवर वाकल्या. "मीच," त्या म्हणाल्या. "दिवाळीत खराब झाली. भंगारवाला येईल म्हनून बाजूला सारली व्हती. मग त्याच्यावर कुट्टी पडली..." त्या मटकन खाली बसल्या. "माय माय, मी माझ्याच हातानं..."

"मावशी, तुमाला माहीत नव्हतं," त्रिवेणी त्यांच्याजवळ बसली. "अन् ही तिसरी अजून हाय."

"इंजेक्शन शिरेतून द्यावं लागेल, हळूहळू," डॉ. संघप्रिया आतून म्हणाल्या. "म्हैस गच्च धरायला माणूस पाहिजे. घरात आहे कुणी?"

घरात कुणी नव्हतं. धुरपताबाई उठल्या, पदर खोचला आणि बांधापर्यंत गेल्या. पलीकडे बन्सीधर हरभऱ्यात वाकलेला.

"भाऊजी!" त्यांनी हाक मारली. "या जरासक. मी लय चुकले. नंतर पायजे तेवढं बोला मला, पन आत्ता म्हैस धरायला या."

बन्सीधर सरळ झाला. मग विळा मातीत खोचून बांध ओलांडून आला. म्हशीच्या मानेला हात घालून त्याने तिचं डोकं स्वतःच्या छातीशी दाबून धरलं, आणि औषध संपेपर्यंत पाऊण तास हलला नाही. हे औषध रक्तातलं शिसं बांधतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं, असं डॉक्टर सांगत होत्या, तेव्हा त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"वैनी, ती बॅटरी मी टाकून येऊ का लांब?"

"कुठंच टाकू नका!" त्रिवेणी आणि डॉक्टर एकदमच ओरडल्या, आणि मग चौघंही हसले. धुरपताबाई तर हसता हसता रडायला लागल्या.

बॅटरी पोत्यात बांधून नोंदणी असलेल्या गोळा करणाऱ्याकडे गेली, भुकटीची कुट्टी आणि वरची मातीही खरडून काढली. त्रिवेणीने एका पट्टीचा कण भट्टीवर लावून पाहिला. तिन्ही वजनांचं प्रमाण पोटातल्या शिशाशी जुळलं. एवढ्यावरून शपथ घेता येत नाही, हे तिला ठाऊक होतं, म्हणून रिपोर्टात तिने फक्त 'सुसंगत' हा शब्द लिहिला.

पाचव्या दिवशी ती कामावर असताना धुरपताबाईंचा फोन आला.

"बाई, बादली उजवीकडं नेली की ती उजवीकडं बघायली! डावीकडं नेली की डावीकडं! बन्सीधर भाऊजी सकाळधरनं तेच करायलेत, बादली घेऊन नाचायलेत नुसते!"

त्रिवेणीने जागेवरच उडी मारली. फोन स्पीकरवर टाकून तिने सगळ्या प्रयोगशाळेला ऐकवला. नागेश सरांनी त्याच आठवड्यात नमुन्याच्या अर्जात एक नवी ओळ घातली : जनावर आजारी असताना कसं वागत होतं?

एक गोष्ट मात्र राहिली होती. म्हैस सावरली तरी दुधात शिसं उतरत असणार. त्रिवेणीने बजावलं होतं, मी सांगेपर्यंत थेंबही कुणी प्यायचा नाही. धुरपताबाईंनी ते पाळलं. दर पंधरवड्याला त्या बाटली घेऊन बसने परभणीला यायच्या, आणि दूध भट्टीत जाताना काचेतून बघत उभ्या राहायच्या. पहिल्या खेपेला आकडा मोठा होता, दुसऱ्या खेपेला निम्मा. एप्रिलमध्ये तो मर्यादेच्या खाली आला. त्रिवेणीने लगेच कळवलं नाही. अजून पंधरा दिवसांनी पुन्हा बाटली मागवली, तीनदा मोजली. तिन्ही वेळा जवळजवळ काहीच नाही.

धुरपताबाई तेव्हा घरी परतल्याही होत्या. त्रिवेणीने हातमोजे काढले आणि फोन लावला.

"मावशी, बन्सीधरकाका हायेत का जवळ?"

"हायेत की. कामून? काय झालं?"

"काई न्हाई," त्रिवेणीला हसू आवरेना. "दोघांसाठी चहा टाका. दुधाचा!"