बारा अंकांपर्यंत हलू नका

जुन्या लाकडी कॅमेऱ्याचं वेड मला लागलं ते एका पुस्तकामुळे. वाळवंटातल्या खोल घळी, ओसाड पडलेली दगडी गावं, आणि जवळपास प्रत्येक फोटोत कोपऱ्यात एक माणूस. तो नसता तर घळ केवढी ते कळलंच नसतं. त्या काळी त्याला फोटो होईपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहावं लागे. रोह्याला माझा स्टुडिओ आहे, लग्नाच्या फोटोंवर पोट भरतं. मन मात्र त्या घळींत अडकलेलं.

थोरली ताई वडखळच्या पुढे खाडीकाठी दिलेली. पुस्तक चाळून भावोजी म्हणाले, असलं तर आमच्याकडंच आहे. खरंच होतं. जुना बांध फुटून खाडी आत शिरलेली, तिनं शेतं कापून माणूस बुडेल एवढ्या घळी पाडलेल्या, मध्ये सोडून दिलेल्या वाडीच्या भिंती. त्यामागे नवा बांध, आणि बांधामागे ताईचं घर.

तसलाच एक जुना कॅमेरा मिळवून तिथे मांडला आणि भावोजींना त्या नव्या बांधावर उभं केलं. बारा अंक मोजेपर्यंत हलू नका, म्हटलं. आसपास चिटपाखरू नव्हतं. मला उगाच भीती वाटली आणि, खोटं कशाला बोलू, ती आवडलीही.

रोह्याला येऊन काचेची प्लेट धुतली, प्रिंट काढली. भिंतींच्या विटा मोजता याव्यात इतक्या स्पष्ट. भावोजींना मात्र चेहराच नव्हता, नुसता पांढुरका धूर. माझं डोकं फिरलं. ताईचे यजमान असले म्हणून काय झालं, फोन करून चांगलं झापलं. बारा अंक उभं राहवत नाही तुम्हाला?

‘मी नाय हाललो,’ ते म्हणाले. ‘पायाखाली हाललं.’

थापा, असं पुटपुटत भिंग घेऊन बसलो. बांधाचे दगड दोन-दोन दिसत होते. भावोजींच्या पायाखालचा दहा-बारा पावलांचा तुकडा, तेवढाच. बाकी सगळं जागच्या जागी. म्हणजे बांध खरंच हलला होता.

पुन्हा फोन करून विचारलं, तेव्हाच का बोलला नाहीत? तूच हलू नको म्हणालास, हे त्यांचं उत्तर.

उद्या अमावस्या, दुपारी उधाण. अशा वेळी तिथे घरटी एक माणूस मातीची पोती घेऊन बांधावर जातो, ज्याचा त्याचा तुकडा ठरलेला. तो हललेला तुकडा भावोजींच्या घराचा. गावात त्यांनी सांगून पाहिलं, तर फोटो बघून कुठं बांध फुटतो का, म्हणून लोक हसले.

आज सकाळी ताई मुलांना घेऊन माझ्याकडे आली. प्रिंट हातात धरून बराच वेळ बघत राहिली. ‘यांचं तोंड कुठं गेलं रे?’ तिनं विचारलं.

मघाशी भावोजींना फोन लावला. उद्या पायाखाली जरा जरी हललं तरी पळा, माझी शपथ आहे, म्हटलं.

‘आनि मंग तिथं उभा कोन राहील?’ त्यांनी विचारलं.